इन्फ्रारेड फिल्टर: सड्यावर दोन हिवाळे वापरून

दुर्बिणीच्या कॅमेऱ्यापुढे लावायचा इन्फ्रारेड फिल्टर खरा की खोटा हे बघायचं, तर आधी टीव्हीचा रिमोट शोधा. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की त्याच्या टोकाचा दिवा जांभळट लुकलुकतो, डोळ्याला मात्र काहीच दिसत नाही. तो ९४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा इन्फ्रारेड. आता फिल्टर कॅमेऱ्यासमोर धरा. रिमोट दिसत राहिला पाहिजे. मग तोच फिल्टर डोळ्याला लावून एलईडी टॉर्चकडे बघा, टॉर्च जवळजवळ विझला पाहिजे. ही परीक्षा मला आधी ठाऊक असती तर अठराशे रुपये वाचले असते. ऑनलाइन एका विक्रेत्याने कडेवर ‘८५०’ छापून जे पाठवलं ती निव्वळ गडद लाल काच होती. टॉर्च तिच्यातून कुंकवासारखा लालभडक दिसायचा. परत घ्या म्हटलं तर म्हणे सील फोडलंत. सील न फोडता फिल्टर कसा तपासायचा, हे त्यालाच ठाऊक.

तर हे लिहितोय ते त्यानंतर घेतलेल्या दोन फिल्टरांबद्दल. एक ७४२ नॅनोमीटरचा, एक ८५० चा. म्हणजे त्या आकड्याच्या पलीकडचा प्रकाश आत येतो, अलीकडचा अडतो. दोन्ही सव्वा इंची. ७४२ चा मला कुरिअरसकट सातेक हजारांना पडला, आणि कुरिअरवाला गावात येत नसल्यामुळे तालुक्याला जाऊन आणला तो वेगळा.

माझं देवगड तालुक्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसा पाण्याचे पंप, रात्री दुर्बीण. दुर्बीण सहा इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची, फोकल लेंथ ७५० मिलिमीटर. ताऱ्यांच्या मागे फिरणारं इक्वेटोरियल माउंट जुनं, त्याची मोटर मीच दुरुस्त केलेली. कॅमेरा छोटासा, आत सोनीचा आयएमएक्स४६२ सेन्सर. हा सेन्सर रंगीत असला तरी ८५० च्या पुढे त्याच्यावरचे लाल-हिरवे-निळे ठिपके सगळे सारखेच पारदर्शक होतात, त्यामुळे तो कृष्णधवल कॅमेऱ्यासारखाच वागतो. चुलतभावाचा लग्नाचे फोटो काढायचा डीएसएलआर लावून बघायची चूक करू नका. त्याच्या सेन्सरपुढे कंपनीनेच इन्फ्रारेड अडवणारी काच बसवलेली असते. आम्ही पाच मिनिटांचं एक्स्पोजर दिलं आणि शुद्ध काळोखाचा फोटो काढला.

पहिली रात्र जानेवारीतली. मृग नक्षत्र डोक्यावर, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा सुरू झालेला, सड्यावरचा, म्हणजे गावच्या उघड्या पठारावरचा, कातळ गार. २५ डिसेंबर २०२१ ला जेम्स वेब दुर्बीण अवकाशात गेल्यापासून तिचे फोटो बघून माझं डोकं फिरलेलं होतं. आपणही इन्फ्रारेड लावू, आपल्यालाही धुळीच्या आतलं दिसेल, असा सरळ हिशेब. मृगातल्या तेजोमेघावर, म्हणजे तिथल्या वायू-धुळीच्या ढगावर, ७४२ लावून दोन तास फोटो घेतले. सकाळी सगळे एकावर एक रचले आणि तेजोमेघच गायब! मधे जरा पांढुरकं धुकं, बाकी ठिपके. आईने लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं, “रातभर जागान ह्याच काढलंस?”

फणसाचे गरे कुणीतरी काढून न्यावेत आणि आपल्यापुढे आठळ्या ठेवाव्यात, तसं झालं.

फिल्टरचा यात काही दोष नाही. तेजोमेघाचा जो लाल रंग फोटोत दिसतो तो मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या एका रेषेचा (रेषा म्हणजे वायू ज्या ठरावीक तरंगलांबीला चमकतो ती), आणि हिरवट झाक ऑक्सिजनच्या ५००.७ च्या रेषेची. दोन्ही ७४२ च्या अलीकडे, म्हणजे दोन्ही दाराबाहेर. पलीकडे उरतं ते थोडं: आयनीभूत गंधकाच्या ९०६.९ आणि ९५३.१ च्या रेषा, हायड्रोजनच्याच काही मंद रेषा, आणि धुळीवरून परतलेला ताऱ्यांचा उजेड. वेबशी बरोबरी तर सोडूनच द्या. तिचा जवळच्या इन्फ्रारेडचा कॅमेरा ५ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे ५००० नॅनोमीटरपर्यंत, बघतो. आपल्या कॅमेऱ्यातलं सिलिकॉन साधारण १.१ मायक्रॉनला आंधळं होतं, कारण त्यापुढच्या प्रकाशकणात सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सोडवायची ताकदच नसते. याच मृगाच्या तेजोमेघामागे धुळीत दडलेला एक तारा बेकलिन आणि न्यूगेबाउअर यांनी १९६७ मध्ये इन्फ्रारेडमध्ये शोधला. मी शंभर रात्री जागलो तरी तो माझ्या कॅमेऱ्यात यायचा नाही. दुकानदार हे सांगत नाहीत. जाहिरातीच्या पानावर वेबचा फोटो चिकटवून मोकळे होतात.

पण आठळ्याही भाजून खातातच की. चार-पाच दिवसांनी राग उतरल्यावर तोच फोटो पुन्हा उघडला आणि तेजोमेघाच्या गाभ्यातल्या चार ताऱ्यांच्या चौकोनाजवळ गेलो. एरवी तिथे वायूचा उजेड इतका की सगळं पांढरं फटक जळून जातं. फिल्टर लावलेल्या फोटोत त्या जागी ताऱ्यांचा सडा पडलेला. विनाफिल्टरच्या फोटोशी ताडून मोजले तर दुपटीहून जास्त. हे तारे तिथेच जन्मलेले, कोवळे, धुळीत अर्धे बुडालेले. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, लांब तरंगाचा कमी, म्हणून ते इथे डोकं वर काढतात. तेव्हा कळलं की या काचेने वायू पुसून तारे दाखवायचे, आणि मी नेमका वायू मागत होतो.

मग लक्ष्यंच बदलली. मृगाच्या पट्ट्यातल्या पूर्वेकडच्या ताऱ्याशेजारी ज्वाला तेजोमेघ आहे, मधोमध काळी फांदी असल्यासारखा. तो तारा निळा आणि झगझगीत, त्यामुळे साध्या फोटोत त्याची चमक सगळ्यावर सांडते. ७४२ लावल्यावर ती चमक पुष्कळ उतरते आणि काळ्या फांदीच्या आत दोन-तीन बारीक ठिपके येतात. दोनच, तीनच. पण ते धुळीच्या आतले आहेत, आणि ते मी माझ्या सड्यावरून काढलेत. धनु राशीतला ओमेगा तेजोमेघही असाच धुळीत दडवलेले तारे दाखवतो. अडचण एवढीच की तो संध्याकाळी वर असतो जुलैत, आणि जुलैत आमच्याकडे आकाश ही वस्तू नसते. एप्रिलात पहाटे चार-साडेचारला उठायची तयारी असेल तर मिळतो.

आता खरी मजा. आमच्या सड्यावरून पश्चिमेला नुसता समुद्र. दहा वर्षांपूर्वी तिकडे मिट्ट काळोख असायचा. आता रात्री साडेआठ-नऊनंतर क्षितिजावर एखादं गाव वसल्यासारखा पांढरा उजेड असतो, एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटींचा. केंद्र सरकारने या दिव्यांवर २०१७ मध्येच बंदी घातली आहे, हे उजेडाला कुणी कळवलेलं दिसत नाही. पण पांढरा एलईडी म्हणजे निळा दिवा आणि त्यावर पिवळा लेप. त्याचा प्रकाश ७५० च्या आसपास जवळपास संपतो. फिल्टर लावला की पडद्यावर त्या बोटी नाहीतच! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दुर्बिणीवरून मान वर करून खात्री केली की बोटी आहेत ना. होत्या.

हे मी काकांना सांगितलं. त्यांची लहान होडी आहे, जाळी पारंपरिक. ते म्हणाले, “तुका दिसणा नाय ता बरा, पन मासो तर थंयच जाता ना.” यावर माझ्याकडे फिल्टर नव्हता.

उलट जत्रेच्या दिवसांत हा फिल्टर पिशवीतून काढू नका. देवळासमोर हॅलोजनचे फोकस लागले की त्यांचा निम्म्याहून अधिक उजेड इन्फ्रारेडमध्येच असतो. त्या रात्री दुर्बीण झाकून दशावतार बघावा.

बोटींचा अडसर गेल्यामुळे मला कॅरिना तेजोमेघ मिळाला, आणि माझ्या मते एवढ्यासाठीच कोकणातल्या माणसाने हा फिल्टर घ्यावा. अगस्त्य ज्या तारकासमूहात आहे त्यातलाच हा, त्रिशंकूच्या पश्चिमेला. मृगातल्या तेजोमेघापेक्षा आकाराने कितीतरी मोठा, पण साडेसात हजार प्रकाशवर्षांवर. देवगडहून तो जास्तीत जास्त चौदा अंश वर येतो. दिल्लीकरांना तो क्षितिजाला जेमतेम शिवतो, म्हणजे आपली चंगळच म्हणायची. एप्रिलच्या मध्यावर रात्री साडेनऊ-पावणेदहाला दक्षिणेला बघा. चौदा अंशांवर डोक्यावरच्या हवेच्या चौपट हवेतून बघावं लागतं, वर मालवणकडच्या दिव्यांची झळाळी आणि समुद्राची वाफ. साध्या फोटोत ती सगळी मातकट खिचडी येते. ७४२ लावल्यावर पार्श्वभूमी निवते आणि ताऱ्यांचे पुंजके टाचणीने टोचल्यासारखे येतात. मधला ईटा कॅरिनी तारा, १८४३ मध्ये काही काळ आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांत गणला गेला तोच, आता स्वतःच उडवलेल्या धुळीत बसलाय. इन्फ्रारेडमध्ये तो इतका झळकतो की दोन सेकंदांत जळतो. त्याच्यासाठी वेगळी छोटी एक्स्पोजर घ्या.

आता कुरकुरी. हवेतल्या पाण्याच्या वाफेचा एक पट्टा ९४० च्या आसपास आहे, आणि गंधकाची ९५३ ची रेषा नेमकी त्यात सापडते. म्हणजे तेजोमेघाचा इन्फ्रारेडमध्ये जो थोडा वायू शिल्लक होता, त्यातलाही वाटा कोकणची हवा खाते. मोठ्या लोकांनी इन्फ्रारेडच्या दुर्बिणी लडाखमध्ये साडेचार हजार मीटरवर हानले गावी आणि अबूच्या गुरुशिखरावर नेऊन बसवल्या त्या उगाच नव्हे. डिसेंबर-जानेवारीत मतलई वाहत असेल तेव्हा काम करा. मार्चनंतरच्या दमट धुरकट रात्री वाफेचे थेंब आणि मीठ इतकं फुगलेलं असतं की सगळ्याच तरंगलांबी सारख्या विखुरतात, आणि मग फिल्टरचा फायदा निम्मा होतो. कॅरिनाला एप्रिलशिवाय इलाज नाही, म्हणून पाच रात्रींतली एक मिळाली तरी देवाला नारळ द्यावा.

चंद्राचं मात्र ओझं उतरलं. इन्फ्रारेडमध्ये चांदणं कमी विखुरतं, त्यामुळे शुद्ध दशमीनंतरच्या ज्या रात्री मी झोपून काढायचो त्या आता कामी येतात. अमावस्येला मात्र वाटतं तेवढं काळं आकाश मिळत नाही, कारण साधारण ८५-९० किलोमीटर उंचीवर हवेतला हायड्रॉक्सिल रात्रभर स्वतःच इन्फ्रारेडमध्ये चमकत असतो.

फोकस फिल्टर लावल्यावरच करा, आधी नाही. काचेच्या जाडीने तो सरकतो. माझ्या आरशाला रंगाचा फरक पडत नाही, पण साध्या भिंगाची दुर्बीण असेल तर आणखी सरकेल. फोकससाठी मृगातला तांबूस तारा काक्षी पकडा. डोळ्याला काक्षी आणि मृगातलाच निळसर राजन्य जवळपास सारखेच तेजस्वी वाटतात, पण या फिल्टरमधून काक्षी बैलगाडीच्या कंदिलासारखा आणि राजन्य फिका. जागा सापडली की फोकसरवर नेलपॉलिशने खूण केली. घरात अजून कुणी बाटली शोधलेली नाही.

मीठ सगळ्यात छळतं. ८५० च्या फिल्टरचे अॅल्युमिनियमचे आटे पहिल्याच पावसाळ्यात जाम झाले, पक्कड लावावी लागली, कडेवर ओरखडा आला. ७४२ चे आटे पितळी, ते टिकले. दव पडायला लागलं की बारा व्होल्टच्या बॅटरीवर चार रेझिस्टर जोडून केलेला गरम पट्टा कॅमेऱ्याभोवती गुंडाळतो. विकतच्या पट्ट्याची गरज नाही, दुकानातल्या डब्यात सापडेल तेवढ्यात होतं. जून ते सप्टेंबर दोन्ही फिल्टर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, तांदळाच्या पिंपात नव्हे. पिठाची धूळ बसते, अनुभव घेतलाय.

राहता राहिला ८५०. तेजोमेघांसाठी तो माझ्या लेखी वाया गेलेला पैसा. प्रकाश इतका थोडा येतो की दहा सेकंदांच्या सातशे फ्रेम रचूनही दाणे जात नाहीत, आणि सहा इंची आरशाची बारकावा दाखवायची मर्यादाही ०.९ विकलांवरून (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) १.४ वर घसरते. चंद्राचे खळगे मात्र थरथरत्या हवेतही त्यातून स्थिर दिसतात. कुणाला चंद्रासाठी हवा असेल तर निम्म्या किमतीत देईन, ओरखड्यासकट. पक्कड माझी मला लागते.