रिसीव्हर आणि सबवूफर: दिवाळी ते पावसाळा वापरल्यानंतर

आधीच सांगतो, वॅटचे आकडे बघून रिसीव्हर, म्हणजे होम थिएटरचे सगळे स्पीकर चालवणारा डबा, निवडणार असाल तर पुढचं वाचून तुमची थोडी निराशा होईल. पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, चौकशी करत फिरलो तेव्हा प्रत्येक दुकानात पहिलं वाक्य वॅटचंच होतं. एकाने तर होम थिएटरच्या डब्यावरचा पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा) आकडा इतक्या अभिमानाने वाचून दाखवला, की त्यावर अख्खी सोसायटी चालावी. पीएमपीओ या आकड्याला काही अर्थ नसतो. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद, आणि तोही किती चॅनल (एकेका स्पीकरचे मार्ग) चालू असताना मोजलाय ते विचारून.

माझ्याकडे डेनॉनचा एव्हीआर-एक्स1700एच आहे. दोन चॅनल चालू असताना, 8 ओहमच्या स्पीकरला, चॅनलमागे 80 वॅट. डेनॉनचाच वरचा एक्स3800एच 105 वॅटचा. ऐकायला फरक मोठा वाटतो, पण डेसिबलमध्ये तो जेमतेम सव्वा भरतो. वॅट दुप्पट केले तरी वाढतात 3 डेसिबल. कोथरूडच्या टू बीएचके हॉलमध्ये, सोफा स्पीकरपासून नऊ-दहा फुटांवर असताना, त्या जास्तीच्या वॅटचं करायचं काय? वरच्या मॉडेलसाठी पैसे मोजावेत ते दुसऱ्या कारणांसाठी: त्यात ऑडिसीचं, म्हणजे माइकने खोली मोजून आवाज सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरचं, एक्सटी32 हे वरचं रूप आहे, चार सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारे स्पीकर) स्वतंत्रपणे जुळवता येतात आणि बाहेरचा ॲम्प जोडायला प्री-आउट आहेत. माझ्या रिसीव्हरमध्ये ऑडिसीचं साधं एक्सटी आहे. सबवूफरची दोन आउटपुट आहेत, पण दोन्हींतून एकच सिग्नल निघतो.

वाचलेले पैसे सबवूफरमध्ये घातले. एसव्हीएसचा एसबी-1000 प्रो, 12 इंची, सील्ड (बंद डब्याचा), 325 वॅट आरएमएस. तेरा-चौदा इंचांचा काळा ठोकळा. घरच्यांना तो पहिले काही दिवस बसायचं स्टूल वाटला. सील्ड की पोर्टेड (हवेसाठी भोक असलेला) यावर मित्रांत बरीच डोकेफोड झाली. पोर्टेड डबा अगदी खालच्या पट्टीत जास्त जोर देतो, पण आकाराने मोठा असतो. आमच्याकडे सिनेमापेक्षा गाणं जास्त ऐकलं जातं आणि खाली काका-काकू राहतात, म्हणून सील्ड.

आता खरा मुद्दा, म्हणजे खोली. आमचा हॉल 16 फूट बाय 10 फूट, उंची साडेनऊ. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर धरून हिशेब केला, तर लांबीमुळे 35 हर्ट्झच्या आसपास खोली घुमते, रुंदीमुळे 56 ला आणि उंचीमुळे 59 ला. शेवटचे दोन आकडे जवळजवळ एकावर एक बसलेत. त्या पट्टीतला सूर आला की तो नको तितका फुगतो. रुंदी आणि उंची जवळपास सारखी असलेला हॉल पुण्यातल्या फ्लॅटमध्ये काही दुर्मीळ नाही. त्यामुळे ‘माझा सबवूफर नुसता बदाबदा वाजतो’ म्हणणाऱ्या पुष्कळांचा सबवूफर ठीकच असेल, असं मला वाटतं.

यावर पहिला उपाय फुकटचा आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवायचा, खर्जातली एकच सुरावट पुन्हा पुन्हा लावायची आणि आपण भिंतीकडेने जमिनीला कान लावून रांगायचं. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवायचा. मी रांगत असताना मुलगी व्हिडिओ काढत होती, ते असो. पण फरक थक्क करणारा होता. चपलांच्या कपाटाजवळ खर्ज जवळजवळ नाहीसा, गॅलरीच्या दाराकडच्या कोपऱ्यात नुसता घूं-घूं, आणि टीव्हीच्या उजवीकडे, कोपऱ्यापासून हातभर आत, एकदम स्वच्छ. नेमकी तिथे झाडाची कुंडी होती. कुंडी गॅलरीत गेली.

त्यानंतरच ऑडिसीचा माइक लावला. हा क्रम उलटा करू नका. खोलीतल्या एखाद्या जागी खर्ज रद्दच होत असेल, तर तो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. फुगवटे मात्र दाबता येतात. मोजणी आठ जागांवर करता येते. त्या वेळी पंखा बंद, फ्रिज बंद, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर टेकवून ठेवू नका.

मोजणी झाल्यावर दोन गोष्टी हाताने तपासा. रिसीव्हरने पुढचे स्पीकर ‘लार्ज’, म्हणजे खर्जही पेलणारे, ठरवले असतील तर ते ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर 80 हर्ट्झवर ठेवा. म्हणजे 80 च्या खालचं काम सबवूफरकडे जातं आणि स्पीकर मोकळे होतात. दुसरं, सबवूफरचं अंतर टेपने मोजलेल्या अंतरापेक्षा जास्त दिसलं तर ते ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला किंचित उशीर होतो, तो त्यात धरलेला असतो.

गाण्यात काय बदललं? पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ सूर 69 हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे बरोबर सबवूफर आणि स्पीकर यांच्या सांध्यावर. तो सांधा नीट बसला नव्हता तोवर तानपुरा एकीकडे आणि त्याचा तळ दुसरीकडे असं वाटायचं. आता खर्ज खोलीभर पसरतो, पण कुठून येतोय ते कळत नाही. तबल्यात बायावर मनगट सरकवून काढलेली मींड शेवटपर्यंत ऐकू येते; आधी ती अर्ध्यावरच विरायची. ढोल-ताशाची ध्वनिफीत लावली की ढोलाचा ठोका छातीत बसतो, पण लक्ष्मी रोडवर पथकासमोर उभं राहण्याची सर त्याला येणं शक्य नाही, आणि घरात तशी यावी अशी माझी इच्छाही नाही.

सिनेमासाठी ऑडिसीचं डायनॅमिक ईक्यू चालू ठेवतो. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, तो हे वाढवून देतं. गाण्यासाठी मात्र त्याचा रेफरन्स ऑफसेट, म्हणजे ही वाढ कमी करणारी सेटिंग, 10 किंवा 15 वर नेतो, नाहीतर भावगीतालाही धमक येते.

त्रास झालाच नाही असं नाही. सबवूफर समोरच्या भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटला लावला होता, तेव्हा सतत बारीक हुं ऐकू यायचा. सेट-टॉप बॉक्सची केबल काढली की बंद, लावली की सुरू. अर्थिंगचा घोळ. रिसीव्हर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि सबवूफर एकाच बोर्डावर घेतल्यावर तो गेला. मग शोकेस. चाळिसेक हर्ट्झचा सूर आला की तिच्या सरकत्या काचा थरथरायच्या आणि मला वाटायचं सबवूफरचा पडदाच फाटला. बायकोने खाचेत घडी घातलेली जुनी लग्नपत्रिका खोचली, विषय संपला. एप्रिल-मेच्या उकाड्यात रिसीव्हर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात चांगलाच तापायचा. सुताराकडून मागची प्लाय कापून घेतली आणि वर वीतभर जागा सोडली. गुरुवारी लाइट जाते तेव्हा तो इन्व्हर्टरवर चालवत नाही.

काकांचं म्हणाल, तर त्यांनी एकदाच, तेही जिन्यात, ‘काल मॅच होती का?’ असं विचारलं. पुणेरी माणसाला तेवढं पुरतं. सबवूफरखाली रबराचे पॅड घातले, त्याने फरशीची थरथर कमी झाली. पण हवेतून जाणारा खर्ज पॅडने अडत नाही. म्हणून एसव्हीएसच्या ॲपमध्ये रात्रीचा वेगळा प्रीसेट करून ठेवलाय. दहा वाजले की तो लावायचा, सबवूफरचा आवाज बराच खाली. सोबत डायनॅमिक व्हॉल्यूम, म्हणजे संवाद ऐकू येतात आणि स्फोटाला रिमोटकडे झेप घ्यावी लागत नाही.

आता दुसऱ्या सबवूफरचा विचार चाललाय. दोन असले तर खोलीतले चढउतार बरेच सपाट होतात, एकाच खुर्चीपुरता चांगला आवाज राहत नाही. माझ्या रिसीव्हरवर दोघांची पातळी आणि वेळ हाताने जुळवावी लागेल, पण एकाच मॉडेलचे दोन घेतले आणि सोफ्यापासून सारख्या अंतरावर ठेवले तर ते जमण्यासारखं आहे. त्यासाठी जागा एकच निघते, टीव्हीच्या डावीकडची. तिथे इस्त्रीचं टेबल असतं आणि ते तिथून हलणार नाही, असं मला सांगण्यात आलंय.