बेटावरच्या गावात मालवाहू व्हॅन: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी मध्यम लांबीची, उंच छपराची, बंद पाठीची. लांबी साडेपाच मीटरच्या आसपास, आत साधारण 10 घनमीटर जागा, मालासकट वजनमर्यादा 3.5 टन. छोट्या बेटावरच्या गावात तिच्यातून घरसामानही हलवलं आणि दुकानांचा मालही पोचवला. म्हणजे प्रत्येक खेपेत बोट आलीच. इंजिन, गिअर, सीट यांबद्दल तक्रार नाही आणि त्यावर लिहिलेलं भरपूर सापडतं. मला सांगायचंय ते वेगळं: बेटावर गाडीचं माप आधी बोट आणि धक्का बघून ठरवा, सामानाचा विचार त्यानंतर.

गाड्या नेणाऱ्या फेरीबोटींचं भाडं बहुतेक ठिकाणी लांबीवर लागतं, काही ठिकाणी उंचीवरही. ही लांबी कागदावरची नव्हे. मागचा टो-हुक, शिडी, सगळं धरून टोकापासून टोकापर्यंत मोजतात. छपरावर कॅरियर असेल तर उंचीतही तो आला. स्वतः टेप लावून घ्या आणि बुकिंग करताना तेच आकडे द्या.

याच्यापेक्षा लांब व्हॅनमध्ये दोन-तीन घनमीटर जास्त मावतं, तरी मी परत हीच घेईन. कारण ओहोटी. पाणी उतरलं की बोटही खाली जाते आणि धक्का ते बोट हा उतार चांगलाच तीव्र होतो. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा जो भाग लोंबतो तो जितका लांब, तितका तो उतार बदलतो तिथे घासण्याचा धोका जास्त. भरलेली गाडी मागून दबलेली असते, त्यात आणखी भर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा भरती जास्त चढते तशी ओहोटीही जास्त उतरते. त्यामुळे जड खेप मी भांगाच्या दिवसांत ठेवते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा. ते जमलं नाही तर निदान पाणी अर्ध्याच्या वर असेल अशी बोट बघते. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून या आठवड्यातली सोयीची बोट पुढच्या आठवड्यात सोयीची असेलच असं नाही.

वजनाचं गणित जागेच्या गणिताआधी करा. अशा गाडीचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास असतं, चालक आणि सोबतचा माणूस धरून मालासाठी सव्वा टन उरला तर चांगलं. पुस्तकांची दोन घनमीटर खोकी टनाच्या घरात जातात! गाडी अर्धी रिकामी दिसते आणि मर्यादा जवळ आलेली असते. जड सामान पुढच्या भिंतीला टेकवून, खाली ठेवा. मागच्या दाराशी जड कपाट उभं केलं की पुढची चाकं हलकी पडतात.

बांधणीवर माझा सगळ्यात जास्त भर. रस्त्यावरचा युरोपीय नियम असा, की पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या 80 टक्के आणि बाजूंना 50 टक्के जोर बांधणीने पेलला पाहिजे. बोट डोलते तेव्हा हा बाजूचा जोर पुन्हा पुन्हा येत राहतो. रॅचेट पट्ट्यावर (माल बांधायचा, दांडीने आवळायचा पट्टा) छापलेला मोठा आकडा बघून निर्धास्त होऊ नका. तो आकडा पट्टा सरळ ओढल्यावरची ताकद सांगतो. सामानावरून आडवा टाकलेला पट्टा फक्त हाताने आवळल्याइतकाच दाब देतो आणि तो आकडा बराच लहान असतो. शिवाय पट्टा जमिनीशी 30 अंशांचा तिरपा गेला तर दाब निम्माच पोचतो. म्हणून ठेंगण्या सामानावरून पट्टा टाकण्यापेक्षा खोक्यांमध्ये फटच ठेवायची नाही, आणि खाली घसरण रोखणारी रबरी चटई घालायची. या चटया मी नंतर घेतल्या आणि फरक लगेच जाणवला.

बोटीवर हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, आणि अलार्मचा हालचाल ओळखणारा सेन्सर बंद. नाहीतर लाटांनी तो वाजत राहतो. गॅस सिलिंडर, पेट्रोलचे कॅन, थिनर असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. गाडी भाड्याची असेल तर बोटीवर न्यायची परवानगी करारात आहे का ते वाचा, आणि मालाचा विमा गाडीच्या विम्यात येतो असं गृहीत धरू नका.

दिवसाची आखणी मी उलटी करते. आधी परतीची बोट, मग रिकामं करायला लागणारा वेळ, मग भरण्याचा. गल्लीपर्यंत गाडी जात नसेल तर शेवटचं अंतर हातगाडीने जायचं, आणि तिथे सगळ्यात जास्त वेळ खर्च होतो. सरकतं दार या व्हॅनला एकाच बाजूला आहे, ही तिची खरी उणीव. गल्लीत गाडी कुठल्या तोंडाने लावणार हे भरण्याआधी ठरवावं लागतं. वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर गाडी रात्रभर पलीकडेच राहू शकते, म्हणून घर हलवणाऱ्यांची औषधं, अंथरूण आणि चुलीजवळचं थोडं सामान व्हॅनमध्ये घालू देत नाही. ते त्यांच्या हातातच.

खाऱ्या पाण्याचा परिणाम एवढ्यातच दिसतोय. खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊनही मागच्या दाराच्या बिजागऱ्यांवर आणि टो-हुकाच्या बोल्टवर गंज धरायला लागलाय. पुढच्या सर्व्हिसिंगला ब्रेकच्या नळ्या वेगळ्या तपासून घेणार आहे.