झेब्राफिश की गुहेतला आंधळा मासा?

मधुमेह, लठ्ठपणा अशा चयापचयाच्या आजारांच्या अभ्यासासाठी मासा निवडायचा तर बहुतेक प्रयोगशाळा डोळे झाकून झेब्राफिश घेतात, आणि ते चुकीचंही नाही. त्याची अळी, म्हणजे अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू, पारदर्शक असते. नाईल रेड हा रंग दिला की चरबीचे थेंब जिवंत अळीतच चमकताना दिसतात, कापाकापी लागत नाही. जनुकबदल केलेल्या अळीच्या पाण्यात मेट्रोनिडाझोल हे औषध मिसळलं की फक्त इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मरतात. औषध काढलं की काही दिवसांत त्या पुन्हा उगवतात! माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोडीदार सापडतो. शेकडो औषधं झटपट चाळायची असतील तर दुसरीकडे बघूच नका.

मेक्सिकोतल्या गुहांमधला आंधळा मासा ॲस्टियानॅक्स मात्र वेगळंच कोडं घालतो. अन्नाच्या दुष्काळात घडलेला हा मासा लठ्ठ असतो, रक्तात साखर जास्त, इन्सुलिनला दाद देत नाही. त्याच्या इन्सुलिन रिसेप्टरमधला (पेशीवर इन्सुलिनचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनातला) बदल माणसात सापडतो तेव्हा गंभीर आजार होतो. हा पठ्ठ्या मात्र ठणठणीत, आयुष्यही कमी नाही. तोच बदल झेब्राफिशमध्ये घातला तर वजन वाढलं, इन्सुलिनचा परिणाम घटला. म्हणजे गुहेतल्या माशाकडे बचावाचं आणखी काहीतरी आहे. नदीतल्या डोळस भाऊबंदांशी त्याचा संकर होतो, त्यामुळे ते जनुकांत शोधताही येतं. वाढ मात्र संथ, साधनंही कमी.

आजार कसा होतो हे झेब्राफिश दाखवेल. साखर वाढूनही नुकसान का होत नाही, या प्रश्नासाठी मी गुहेतलाच घेईन.