३५ लिटरचा नायट्रोजन कंटेनर, हॅचरीत एक सीझन वापरून

वाळपईजवळ आमची छोटी मत्स्यबीजाची हॅचरी आहे, रोहू कटला मृगळ. पावसाळा हाच आमचा सीझन आणि दरवर्षी तीच रड, कटल्याची मादी तयार होते तेव्हा नर आटलेला असतो, आणि नर मिळाला तरी तो आमच्याच तळ्यातला, म्हणजे भावाबहिणींचीच पैदास, असं पिढ्यानपिढ्या चाललं की बोटुकली वाढतच नाही. म्हणून बाहेरच्या चांगल्या नरांचं मिल्ट, म्हणजे शुक्र, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायचं ठरवलं. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने या माशांसाठी पद्धत बसवलेली आहे. अंडी मात्र गोठवता येत नाहीत, आकार मोठा, आत बलक भरलेला, गोठवताना फुटतात, त्यामुळे मादी ताजीच लागते.

आता कंटेनरबद्दल. आधी पैसे वाचवायला एकाकडून सेकंडहँड कॅन घेतला होता. आठवड्याभरात कॅनच्या खांद्यावर पाणी सुटायला लागलं, आम्हाला वाटलं पावसाळी हवा आहे, दमट आहे, म्हणून असेल. एका सकाळी नायट्रोजन किती उरलाय ते बघायला लाकडी पट्टी घातली तर तळ कोरडा! दोन भिंतींमधला व्हॅक्यूम गेला होता. मिल्ट भरलेल्या ७० स्ट्रॉ, म्हणजे बारीक नळ्या, गेल्या आणि त्यातल्या २० ज्या नराच्या होत्या तो मासा त्याच महिन्यात मेला, आजही आठवलं की पोटात कालवतं. तेव्हा सांगतो, बाहेरून अंगाला घाम किंवा बर्फ दिसला तर वाट बघू नका, त्याच क्षणी स्ट्रॉ दुसऱ्या कॅनमध्ये हलवा.

मग हा नवीन घेतला. सहा कॅनिस्टर, म्हणजे स्ट्रॉ ठेवायचे डबे, तोंड अरुंद. अरुंद तोंडाने काम करताना वैताग येतो, आत दिसत नाही, टॉर्च मारून शोधावं लागतं, पण त्यामुळेच नायट्रोजन कमी उडतो, आमचा महिन्याला ८-९ लिटर जातो, तेही रोज उघडझाप असताना. आत उणे १९६ अंश असतात, कॅनिस्टर तोंडाच्या वर काढायचाच नाही, गळ्यातच धरून चिमट्याने स्ट्रॉ उचलायची, काही सेकंदांत. बूच सैल असतं ते मुद्दामच आहे, घट्ट करू नका, वायू बाहेर पडायला वाट लागते. एक लिटरचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो, त्यामुळे बंद गाडीत किंवा छोट्या खोलीत ठेवायचा नाही, श्वास गुदमरतो. आम्ही पिकअपच्या मागे बांधून आणतो.

खोट एवढीच की भरला की ४० किलोच्या वर जातो आणि खाली चाकांचा स्टँड येत नाही, तो वेगळा घ्यावा लागला. एवढी किंमत घेता तर तो द्यायला हवा होता.

रिझल्ट विचाराल तर ताज्या मिल्टइतकं फलन झालं नाही, पण बाहेरच्या नराचं बीज हाती आलं हे मला मोठं वाटतं. एक ट्रे पूर्ण वाया गेला, कारण त्यात आधीच पाणी राहिलं होतं. माशाचं शुक्र पाणी लागलं की पळायला लागतं आणि कार्पमध्ये मिनिटभरात दमतं, म्हणून ट्रे आणि मादी दोन्ही पुसून कोरडी करायची, अंडी पिळायची, स्ट्रॉ ३७-३८ अंशांच्या पाण्यात काही सेकंद धरून, पुसून, कापून अंड्यांवर ओतायची, पिसाने हलवायचं आणि पाणी त्यानंतरच. मिल्ट काढतानाही नराच्या लघवीचा थेंब पडला तरी तो लॉट गोठवू नका.

कंटेनरला पाचपैकी चार. पण घेण्याआधी रिफिल कोण देणार ते पक्कं करा, आमचा माणूस चवथीच्या आठवड्यात आलाच नाही आणि पट्टीवर चार बोटं उरली होती. सत्तरी-डिचोली भागात अजून कोणाकडे कॅन असेल तर कळवा, एकाच फेरीत सगळ्यांचा नायट्रोजन आणू, भाडंही वाटून घेऊ.