निळी झाक दाखवून टेराहर्ट्झ कोटिंगचे पैसे उकळले

टेराहर्ट्झ तरंगांसाठी (मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेड यांच्या मधले) सिलिकॉनच्या विंडो, म्हणजे हे तरंग आरपार जाऊ देणाऱ्या चकत्या, मागवणार असाल तर आधी हे वाचा.

सिलिकॉनचा अपवर्तनांक ३.४२. त्यामुळे प्रत्येक पृष्ठभागावरून ३० टक्के तरंग माघारी फिरतात. म्हणूनच तर जादा पैसे मोजून आम्ही दोन्ही बाजूंना परावर्तनरोधक कोटिंग असलेल्या १ मिमी जाडीच्या विंडो मागवल्या. पीओत (पर्चेस ऑर्डरमध्ये) '१ टेराहर्ट्झसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं. कोटेशन सर्वांत कमी, पर्चेसवाले खूश.

माल आला तो देखणा. निळसर-जांभळी झाक, सोबत ९८ टक्के पारगमनाचा (म्हणजे आरपार जाणाऱ्या तरंगांचा) आलेख. फक्त आलेखाच्या आडव्या अक्षावरचे आकडे कापलेले! शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

टाइम-डोमेन स्पेक्ट्रोमीटरमध्ये (टेराहर्ट्झची पल्स आरपार सोडून ती वेळेनुसार मोजणारं यंत्र) विंडो लावली, तर मुख्य पल्सच्या मागे सुमारे २३ पिकोसेकंदांनी प्रतिध्वनी हजर, म्हणजे विंडोच्या दोन्ही पृष्ठभागांवर आपटून उशिरा बाहेर पडलेली पल्स. उंची मुख्य पल्सच्या जवळपास ३० टक्के. कोऱ्या, म्हणजे कोटिंग नसलेल्या, सिलिकॉनचाही एवढाच येतो. मग कोटिंगचे पैसे कशाचे?

१ टेराहर्ट्झची तरंगलांबी ३०० मायक्रॉन. थराच्या आत ती आखूड होते आणि थर त्या आखूड लांबीच्या पाव हवा, म्हणजे पॅरिलीन-सी या प्लास्टिकचा असेल तर सुमारे ४६ मायक्रॉन; त्याने परावर्तन २ टक्क्यांखाली येतं. दोन्ही बाजू धरून जाडी ९० मायक्रॉनने वाढायला हवी. आम्ही त्याच लॉटमधली कोरी विंडो शेजारी ठेवून मायक्रोमीटर लावला. फरक शून्य! खरं तर रंगानेच चहाडी केली होती. अशी गडद झाक मायक्रॉनभर किंवा त्याहून पातळ थराला येते. ३ ते ५ मायक्रॉनच्या इन्फ्रारेडसाठी तसलं कोटिंग सर्रास करतात. टेराहर्ट्झला ते असून नसून सारखंच.

विक्रेत्याला फोन केला. "कोटिंग आहे ना साहेब? ऑप्टिकल ग्रेड आहे, सगळीकडे चालतं." वर, कस्टम माल परत घेत नाही म्हणे.

तेव्हा कोटेशनमध्येच थराचं मटेरियल आणि जाडी लिहून घ्या. आलेख टेराहर्ट्झमध्ये मागा, तोही त्याच लॉटचा. मायक्रोमीटर तर कुठल्याही वर्कशॉपमध्ये मिळतो. माल आल्या दिवशीच लावा. आणि निम्मी रक्कम तरी आपल्या चाचणीनंतरच द्यायची, हे पीओत घाला. आमच्या पीओत ती अट होती म्हणून अर्धे पैसे वाचले. ॲडव्हान्स अजून त्याच्याकडेच आहे, आणि आता तो पुढच्या ऑर्डरवर सूट देऊ करतोय.