वॉरंटीत बदललेल्या पार्टला पुढे वॉरंटी किती? गेल्या दीड वर्षातला अनुभव

गाडी पेट्रोल हॅचबॅक, मुक्काम सोलापूर. घेताना कंपनीची वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किमी होती. त्यावर एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन ती ५ वर्षं किंवा १ लाख किमीपर्यंत वाढवली. दोन्हीपैकी जे आधी होईल ते. नोकरीमुळे माझं रनिंग महिन्याला साधारण दोन हजार किलोमीटरचं आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच फिरतं.

गेल्या दीड वर्षात गाडीचे तीन मोठे भाग बदलले गेले: एसीचा कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप), पुढचा एक शॉकअब्सॉर्बर (चाकाचे धक्के शोषणारा भाग) आणि बॅटरी. कॉम्प्रेसर वॉरंटीत फुकट मिळाला, शॉकअब्सॉर्बर पैसे भरून घेतला, बॅटरी तिच्या कंपनीने बदलून दिली. तिघांचा हिशोब वेगळा निघाला. त्यात जो भाग फुकट मिळाला, त्याचंच पुढचं संरक्षण सगळ्यात तोकडं ठरलं.

कॉम्प्रेसर ८६ हजार किलोमीटरच्या आसपास जाम झाला. एप्रिलचा महिना, दुपारी बाहेर ४२ अंश आणि गाडीत वारा गरम. सर्व्हिस सेंटरने तपासून क्लेम टाकला, तो पास झाला, नवा कॉम्प्रेसर बसला. बिल शून्य. ‘नवीन पार्ट आहे मॅडम, आता काळजी नाही,’ असं ॲडव्हायझर म्हणाला. मी वॉरंटी पुस्तिका उघडून त्याच्यासमोर ठेवली. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की वॉरंटीत बदललेल्या भागाला फक्त मूळ वॉरंटीचा उरलेला काळ लागू राहील. म्हणजे पार्ट कोरा, पण त्याची मुदत गाडी घेतली त्या दिवसापासूनच मोजायची. भारतातल्या बहुतेक कार कंपन्यांच्या पुस्तिकांत या अर्थाचं कलम असतं.

तारखेप्रमाणे माझ्याकडे दहा महिने उरले होते, पण किलोमीटर चौदा हजारच. माझ्या रनिंगला ते सात महिन्यांत संपणार. ज्यांची गाडी रोज लांब धावते त्यांनी तारखेकडे बघूच नये, ओडोमीटरकडे बघावं.

आता थोडं कॉम्प्रेसरबद्दल, कारण हे कुणी नीट सांगत नाही. कॉम्प्रेसर आतून घासून जाम झाला की धातूचा बारीक कीस गॅसबरोबर एसीच्या पुढच्या भागांत, म्हणजे कंडेन्सरमध्ये आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये जातो. नुसता कॉम्प्रेसर बदलून गॅस भरला तर तोच कीस फिरून नव्या कॉम्प्रेसरमध्ये येतो. म्हणून पूर्ण लाइन फ्लश करायची, म्हणजे आतून धुवायची, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) नवा टाकायचा आणि ऑइल मोजून भरायचं, हे त्या कामातच धरलेलं असायला हवं. माझ्या जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर) ड्रायर होता, फ्लशिंगचा उल्लेख नव्हता. विचारल्यावर ‘केलंय’ म्हणाले. मी ते पेनाने लिहून सही घेतली. बदललेल्या पार्टला मुदत कमी असते तेव्हा तो बसवताना केलेल्या कामाचा कागद पार्टइतकाच महत्त्वाचा असतो.

उरलेला उन्हाळा आणि पावसाळा एसी उत्तम चालला. मग ९८ हजार पार झाल्यावर एसी चालू करताना टकटक ऐकू येऊ लागली. गारवा होता, फक्त आवाज. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी कान लावून सांगितलं, ‘ताई, कॉम्प्रेसरच्या क्लचचं बेअरिंग बोलतंय. चालंल अजून वर्षभर.’ चाललंही असतं. पण वर्षभराने खर्च माझा झाला असता. त्याच आठवड्यात गाडी सर्व्हिस सेंटरला नेली आणि जॉबकार्डवर तक्रार, तारीख आणि किलोमीटर लिहून घेतले. ‘आवाज नॉर्मल आहे’ असं ते म्हणत होते. त्यांचं मत त्यांनी लिहावं, माझी तक्रार माझ्या शब्दांत लिहावी, एवढाच माझा आग्रह होता. टेस्ट ड्राइव्हला त्यांचाच टेक्निशियन बसला आणि आवाज त्यालाही ऐकू आला.

त्यांनी पूर्ण कॉम्प्रेसरच मागवला. तो यायला महिना लागला. तोवर गाडीने लाख ओलांडला होता. पार्ट बसवायला गेले तर काउंटरवर उत्तर मिळालं, ‘वॉरंटी संपली, मॅडम.’ जुनं जॉबकार्ड पुढे केलं. तक्रार मुदतीत नोंदवलेली, पार्टची ऑर्डर मुदतीत गेलेली. मॅनेजरने कंपनीला मेल केला आणि क्लेम पास झाला. हा कागद नसता तर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

आणि इथे माझी खरी तक्रार आहे. आता गाडीत जो कॉम्प्रेसर आहे, त्याच्यावर कंपनीची वॉरंटी शून्य दिवस आहे. बसवला त्या क्षणापासूनच शून्य. सर्व्हिस सेंटरच्या कामाची महिनाभराची हमी तेवढी मिळाली. एकाच जागी दोनदा बिघडलेला भाग तिसऱ्यांदा बसवताना कंपनीने किमान सहा महिने तरी द्यायला नकोत का? ग्राहकाने गाडी नीट वापरली, सर्व्हिसिंग वेळेवर केलं, भाग कंपनीचा, बसवणारे कंपनीचे. तरी पुढचा धोका सगळा ग्राहकाच्या माथी. हे मला अन्यायाचं वाटतं.

शॉकअब्सॉर्बरचा अनुभव उलटा. एक्स्टेंडेड वॉरंटीने तो झीज म्हणून नाकारला, मग पैसे भरून त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये बदलला. या विकत घेतलेल्या पार्टला बिलाच्या तारखेपासून वर्षाची स्वतंत्र वॉरंटी होती, अट एकच: अधिकृत वर्कशॉपमध्येच बसवलेला हवा. पावसाळ्यात तो गळायला लागला. नेला, बिल दाखवलं, पार्ट आणि लेबर दोन्ही फुकट. मात्र या दुसऱ्या शॉकअब्सॉर्बरला पुन्हा पहिल्या बिलाचीच उरलेली मुदत. नियम तोच, फक्त सुरुवातीची तारीख वेगळी. बाजारातून तोच पार्ट पाच-सातशे रुपये स्वस्त मिळत होता, पण लेबर पुन्हा खिशातून गेलं असतं. सस्पेन्शन आणि एसीच्या बाबतीत मी तरी ती बचत करणार नाही.

बॅटरीचं थोडक्यात: बॅटरी आणि टायर यांची वॉरंटी सहसा कार कंपनीची नसते, ज्याने बनवले त्याची असते. माझ्या बॅटरीला २४ महिने मोफत बदल आणि पुढचे २४ महिने सवलतीत, असा करार होता. पहिल्या २४ महिन्यांतच ती बंद पडली, लगेच बदलून मिळाली, पण कार्डावर मूळ खरेदीचीच तारीख राहिली.

नवी गाडी घेणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावं. मारुतीने जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटी २ वर्षं/४०,००० किमीवरून ३ वर्षं/१ लाख किमी केली. अशी मुदत वाढली की बदललेल्या पार्टचं संरक्षणही आपोआप वाढतं, आणि मला तोच तिचा मोठा फायदा वाटतो. इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर आणखी बारकाईने बघा. अनेक गाड्यांच्या बॅटरी पॅकला ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी असते. सातव्या वर्षाच्या शेवटी पॅक बदलून मिळाला आणि पुस्तिकेत हेच कलम असलं, तर लाखो रुपयांच्या नव्या पॅकला एकच वर्ष उरतं. शोरूममध्ये हा प्रश्न विचारा आणि उत्तर मेलवर घ्या.

वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. मुदत वादाचं कारण घडल्यापासून २ वर्षं. तिथेही लागतात ते हेच कागद, म्हणून शून्य रुपयांचं बिलही मागून घ्या. पार्ट नंबर, तारीख आणि किलोमीटर त्यावर हवेतच. बदलून काढलेला जुना पार्ट कंपनी ठेवून घेते, तेव्हा त्याचा फोटो गाडी सोडायच्या आधीच काढा.

एक्स्टेंडेड वॉरंटी पुन्हा घेईन का? घेईन. कॉम्प्रेसर दोनदा फुकट बसला, तेवढ्यात तिचे पैसे वसूल झाले. पण मुदतीचे शेवटचे दोन हजार किलोमीटर उरले की गाडी लिफ्टवर चढवून पूर्ण तपासणी करून घ्यायची आणि वॉरंटीत बदललेला प्रत्येक भाग नाव घेऊन दाखवायला सांगायचा, हे आता ठरलेलं आहे. कंपनीला मी लेखी कळवलं आहे की वॉरंटीत पार्ट बदलला की त्याचं संरक्षण कोणत्या तारखेपर्यंत आणि किती किलोमीटरपर्यंत आहे, हे त्याच बिलावर छापावं. पोच आली आहे, उत्तर अजून नाही.