फियाटचा कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवलं, दोन पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

बाबांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, 1089 सीसी, रत्नागिरीत दारात असते. ज्यांनी फियाट चालवलीय त्यांना माहितीये, मे महिन्यात घाटात पेट्रोल पंप तापला की गाडी बंद, मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकून बसा. आंबा घाटात हे इतक्यांदा झालंय की फडकं डिकीत कायमचं. त्यात आता ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, जुने रबरी पाइप फुगायला लागले, गाडी मिसिंग करायला लागली, शेवटी कोल्हापूरच्या एका वर्कशॉपमध्ये ईएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन किट बसवून घेतलं.

हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या जागीच थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणारी झडप) बसते, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर त्यातच. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप, एक रिटर्न लाइन आणि एक्झॉस्टच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर. जुना पंप पाव बारच्या आसपास प्रेशर द्यायचा, हा 3 बार देतो, त्यामुळे वाफ धरून पेट्रोल अडकायचं बंदच झालं. आणि साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण 14.7 ला 1 लागतं, ई20 ला हवा त्याहून कमी, पण कार्बोरेटरच्या जेटला हे कुठून कळणार, इथे सेन्सर बघून ईसीयू (किटचा छोटा कॉम्प्युटर) पेट्रोल स्वतःच वाढवतो. सकाळी चोक नाही काही नाही, अर्ध्या सेल्फला चालू. घाटात थर्डला खेचते. अ‍ॅव्हरेज थोडंसं वाढलं, पण त्यासाठी करणार असाल तर राहू द्या, खर्च जवळजवळ गाडीच्या किमतीएवढा झालाय.

आता रडगाणं. किट चांगलं, बसवणं भिकार. टाकी साफ न करताच पंप लावला, दोन आठवड्यांत फिल्टर चोकअप, उलटा केला तर बाहेर काय आलं, कोऱ्या चहासारखं लालभडक पेट्रोल. कार्बोरेटर असला गंज कसातरी गिळायचा, इंजेक्टर नाही गिळत. मग गणपतीत, भर पावसात, हातखंब्याला गाडी बंद. चावी फिरवली की पंपाचा जो गुंईऽऽ आवाज येतो तोच नाही. तासभर शोधाशोध करून ईसीयूची अर्थिंग उघडली तर तांब्यावर हिरवी पूड! पठ्ठ्याने बॉडीचा रंग न खरवडता सरळ स्क्रू मारलेला. आपल्या खाऱ्या हवेत असलं काम टिकतंय होय? पॉलिश पेपरने घासलं, वर ग्रीस थापलं, तेव्हापासून आजतागायत तक्रार नाही.

हां, स्पार्क वाटणारं डिस्ट्रिब्युटर जुनं पॉइंटवालं असेल तर तेही आधी इलेक्ट्रॉनिक करून घ्या, स्पार्कच्या डिस्टर्बन्सने ईसीयू गडबडतो, माझं आरपीएम मीटर उगाच नाचायचं ते त्यामुळेच.

किटला साडेचार स्टार, वर्कशॉपला दोन. ईसीयूच्या सेटिंगची, म्हणजे ट्यूनिंगच्या फाइलचं बॅकअप अजून दिलेलं नाही, फोन केला की "पाठवतो हो दादा". तुम्ही पैसे द्यायच्या आधीच पेन ड्राइव्हवर घ्या.